स्वतःचा वाटा

अर्जात सगळ्यात आधी नाव विचारतात.
नगर सेंट ऑडिल, राज्य मेन.
भरणारी: डेलिया मिशो, नगर-कोषाध्यक्ष.
मार्चपासून कारकून, टेलिफोन आणि झाडूवालीही मीच,
पण त्याला रकाना नाही.

रकाना तीन. बेरोजगारीचं प्रमाण.
इथे मला काही लिहावं लागत नाही,
राजधानीतून छापूनच येतं: तीन पूर्णांक चार.
आकडा जूनचा आहे.
कागदाची गिरणी बंद पडली नोव्हेंबरात.
जूनमध्ये आमचं सगळं ठीकच होतं हो,
भोंगा वाजायचा,
गावभर उकडलेल्या कोबीचा वास सुटायचा
आणि पाहुण्यांनी नाक धरलं की आम्ही म्हणायचो,
हा पगाराचा वास आहे.

मी फोन केला.
पलीकडचा मुलगा आवाजाने तरी चांगला होता.
म्हणाला, बाई, सूत्र सगळ्यांना सारखंच.
नवा आकडा पुढच्या वर्षी येईल.
पुढच्या वर्षी
डेशेनांची तिन्ही पोरं कनेटिकटला पोचलेली असतील,
आणि गाव सोडून गेलेला माणूस
गावात बेरोजगार उरत नाही.
आणखी दोनशे असे गेले
की कागदावर आम्ही धडधाकट.

सूत्र म्हणजे दोरा.
त्याच्या एका टोकाला राजधानी, दुसऱ्या टोकाला आम्ही सगळे,
आणि कोणी ओढतंय की कोणी लोंबतंय
ते मधल्या गाठींवरून कळत नाही.

रकाना सात. स्वतःचा वाटा.
शंभर हवे असतील तर वीस आधी दाखवा.
म्हणजे जेवायला या, पण ताट घरून आणा.
आणि आम्ही तर
ताटं विकून झाल्यावर आलो होतो.

किनाऱ्यावरच्या ब्लेक्स कोव्हने वीस दाखवले.
तिथे उन्हाळी बंगले आहेत, अर्ज लिहायला पगारी माणूस आहे,
त्याने एकसष्ट पानं पाठवली, फोटोंसकट.
वाढपी ओळखीचा असावा लागतो असं नाही,
त्याची भाषा बोलता आली तरी पानात दोनदा पडतं.
त्यांच्या बंदरावर आता पितळी दिवे आहेत.
मी एका रात्री गाडी काढून बघून आले.
सुंदर आहेत. खोटं का बोलू?

मग आम्ही अग्निशमनचा जुना बंब विकला.
सभेत हात वर करताना कोणी कोणाकडे बघितलं नाही.
वीस झाले.

पैसे ऑगस्टमध्ये आले, चिठ्ठी जोडून:
फक्त बांधकामासाठी. पगाराला वापरू नये.
पगार म्हणजे खर्च, भिंत म्हणजे गुंतवणूक.
म्हणून चर्चसमोर
काचेचा बसथांबा उभा राहिला,
बाकाखाली हीटर, वर हिरवं छप्पर,
पितळी पाटीवर देणाऱ्यांची नावं.
बस एकच होती. ती चालवायचा गास्पार डेशेन.
त्याला आम्ही एप्रिलमध्येच कमी केलं होतं.
ते पत्र मीच टाइप केलं,
त्याच्या आडनावात एक अक्षर चुकलं,
आणि त्याने पेन मागून ते दुरुस्त करून सही केली.

आज जानेवारी. उणे बावीस.
अहवाल शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.
माझ्या खिडकीतून थांबा दिसतो.
गास्पार रोज सकाळी येतो, घरचं फावडं घेऊन,
थांब्यापुढचा बर्फ काढतो, बाजूला नीट रचतो,
मग आत बाकावर बसतो, पाय हीटरजवळ,
म्हातारं कुत्रं शेजारी.
पावणेआठला घड्याळ बघतो.
पावणेआठलाच तो बस घेऊन निघायचा.

शेवटचा रकाना.
लाभार्थींची संख्या.
मी लिहिते, एक.
खोडते.
कुत्रं धरून, दोन.